'कोणीतरी' असेल!

अमेरिकेहून परत आल्यावर फोंड्याला एका लग्नात जुने स्नेही भेटले. हसत म्हणाले, "काय, डिस्नेला जाऊन तंबू ठोकून आलात म्हणे!" मी म्हटलं, तंबू नव्हे हो, आरव्ही. चाकांवरचं घर. थीम पार्कच्याच कॅम्पग्राउंडवर चार रात्री राहिलो. मग रीतसर चौकशी झाली. झोपायला जागा किती? स्वयंपाक कुठे? आणि संडास? संडास गाडीतच, मी सांगितलं, आणि त्याची टाकी आपणच रिकामी करायची. आमच्याकडे ते काम माझ्याकडे होतं.

त्यांच्या हातातला चमचा आइस्क्रीमच्या वाटीतच थांबला. "एवढे डॉलर मोजून हें काम? त्यापेक्षा हॉटेलात राहायचं की!"

तिथे वाद घालण्याची वेळ नव्हती, पंगत उठत होती. पण "हें काम" हे दोन शब्द डोक्यातून जाईनात. म्हणून आज लिहायला बसलो आहे. रागावून लिहितोय हे आधीच सांगतो, आणि तो राग त्या स्नेह्यांइतकाच माझ्यावरही आहे, हेही सांगून टाकतो.

मला म्हणायचंय ते असं. कुटुंबाच्या सहलीची आखणी म्हणजे तिकिटं आणि आरक्षणं नव्हेत. आखणी म्हणजे कामाची वाटणी. कोण रांधणार, कोण भांडी घासणार, कोण घाण उपसणार, हे ज्या यादीत लिहिलेलं नाही ती यादी अपुरी तर असतेच, पण ती लबाडही असते. आपण गोंयकार मराठी माणसं अशा लबाड याद्या पिढ्यान् पिढ्या करत आलो आहोत.

आता मूळ गोष्ट.

माझा भाचा अटलांटाजवळ राहतो. ताई त्याच्याकडेच असते. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी तिकडे होतो. मुलांना, म्हणजे नऊ वर्षांच्या नातीला आणि सहा वर्षांच्या नातवाला, डिस्ने वर्ल्ड दाखवायचं ठरलं होतं. हॉटेलात नको, भाड्याची आरव्ही घेऊ आणि फोर्ट विल्डरनेसवर राहू, ही कल्पना भाच्याची. आम्ही सहाजण. अटलांटा ते ओरलँडो म्हणजे साधारण सातशे किलोमीटर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फोर्ट विल्डरनेस हे वॉल्ट डिस्ने वर्ल्डचंच कॅम्पग्राउंड. मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं आणि त्यानंतर काही आठवड्यांत, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हे. सुमारे साडेसातशे एकरांचं पाईन आणि सायप्रसचं रान आहे. त्यात वळणावळणाचे गोल रस्ते, आणि त्या रस्त्यांच्या कडेने गाड्या लावायच्या शेकडो जागा. प्रत्येक जागेला नंबर, बाक-मेज आणि कोळशाची शेगडी. जागांचे प्रकार वेगवेगळे. तंबूवाल्यांच्या जागेला फक्त पाणी आणि वीज. 'फुल हुक-अप'च्या जागेला पाणी, वीज आणि जमिनीत सांडपाण्याचं भोक. एका जागेवर जास्तीत जास्त दहा माणसं. एकदा गाडी जोडून ठेवली की ती हलवायची नाही, फिरायला आतल्या बसगाड्या. मॅजिक किंगडमला जायला थेट तलावातून बोट. त्या तलावात पोहायला मात्र मनाई, मगरी आहेत.

हे सगळं आम्ही घरबसल्या शिकलो, कारण आखणीला जुंपले होतो. सुट्टीतल्या जागा कितीतरी महिने आधी भरतात, म्हणून आरक्षण भाच्याने आदल्या वर्षीच करून ठेवलं होतं. जेवणाची आरक्षणं साठ दिवस आधी उघडतात, रांग टाळायची 'लाइटनिंग लेन' सात दिवस आधी. भाचेसून हुशार मुलगी, एका कंपनीत प्रकल्पांचं वेळापत्रक सांभाळते. तिने एक्सेलचा तक्ता केला. तो इतका सुरेख की मी थक्कच झालो. पहिल्या पानावर तारखा, बोटींच्या वेळा, कुठल्या राइडला किती उंची लागते. दुसऱ्या पानावर जेवणं: सकाळी पोहे, संध्याकाळी शीत-कडी, एक दिवस तिथल्या पायोनियर हॉलमधलं गाण्या-बजावण्याचं जेवण. तिसऱ्या पानावर भाड्याने गाडी देणाऱ्यांनी पाठवलेली यादी जशीच्या तशी उतरवलेली. पाण्याचा पाइप, वायर, गॅस, टायरची हवा, आणि सर्वांत खाली 'काळी टाकी'.

रविवारी दुपारी जेवणानंतर तक्ता टीव्हीच्या पडद्यावर लावून आम्ही बसलो. प्रत्येक ओळीसमोर 'कोण?' असा रकाना होता. गाडी चालवणं, भाचा. नकाशा आणि बोटी, नात (तिने हट्टाने मागून घेतलं). फोटो, मी. आणि जेवणाच्या पानावर प्रत्येक ओळीसमोर आधीच दोन नावं पडलेली होती. ताई आणि भाचेसून. ती कोणी टाकली हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तिसरं पान खाली सरकत गेलं, आणि शेवटच्या ओळीचा रकाना रिकामा राहिला. नातीने वाचलं आणि विचारलं, "हें कोण करतलो?"

भाचा म्हणाला, "थंय कोण तरी आसतलो."

म्हणजे तिथे कोणीतरी असेल. वीस वर्षं अमेरिकेत काढलेला, स्वतःच्या घराचं गवत स्वतः कापणारा, स्वतःच्या न्हाणीघराच्या फरशा घासणारा हा माणूस. पण मैल्याची गोष्ट निघाली आणि तोंडून बाहेर पडलं ते थेट आमच्या गावातलं वाक्य. त्याला हसायचा मला अधिकार नाही. माझ्याही मनात अगदी तेच आलं होतं. कोणीतरी असेल.

हा 'कोणीतरी' आपल्या घरात जन्मापासून आहे. माझ्या लहानपणी गोव्यात घरामागे डुकरांचे संडास असत. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ते सांगायला नको. तिथे 'कोणीतरी' म्हणजे डुकरं. मग सेप्टिक टँक आले. ते भरले की फोन करायचा, 'कोणीतरी' टँकर घेऊन येतो. तो टँकर कुठे ओततो हे आपण विचारत नाही. शेतात, ओहोळात, रात्रीच्या वेळी रस्त्याकडेच्या गटारात टँकर रिकामे केल्याच्या बातम्या आपण वाचतो, संतापतो, पण घरून टँकर निघताना "पावती दाखव, कुठल्या प्रकल्पावर नेलास?" असं विचारणारा माणूस मी तरी पाहिला नाही. मी स्वतःही कधी विचारलं नाही.

देवाच्या कामातही तेच. मंगेशी घ्या, कवळें घ्या, रामनाथी घ्या. जत्रेला, अनुष्ठानाला माणसं कुटुंबासह येऊन अग्रशाळेत उतरत. वळकट्या, तपेली, तांदळाच्या पिशव्या, चार-चार दिवसांचा मुक्काम. ही आपली कॅम्पिंगच होती! त्या दिवसांच्या आठवणी मी याच जागी हळवा होऊन लिहिलेल्या आहेत, काही वाचकांना आठवतही असतील. पण त्या आठवणींत मी तळ्याचं पाणी लिहिलं, पहाटेचा चौघडा लिहिला, केळीच्या पानावरचं जेवण लिहिलं. चार दिवस चुलीपुढे बसलेली आई दोन ओळींत उरकली. आणि सगळे परतल्यावर मागचं परसू कोणी झाडलं, त्याला तर एक शब्दही दिला नाही. तो 'कोणीतरी' होता. त्याची जात ठरलेली होती आणि त्याला पंगतीत पान नव्हतं.

म्हणजे आपली आखणी नव्हतीच असं नाही. होती, आणि फार पक्की होती. बाईने रांधायचं, अमक्या जातीने झाडायचं आणि आपण दर्शन घ्यायचं. रकाने आधीच भरलेले असत, म्हणून तक्ता मांडायची गरज पडत नसे इतकंच.

बरं, आता आरव्हीकडे येऊ. या गाडीचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे ती काही लपवू देत नाही. घरात नळ सोडला की पाणी येतं, साखळी ओढली की जातं. कुठून येतं, कुठे जातं, विचार करायला नको. गाडीत सगळं मोजून. वीज तीस अँपिअरची असेल तर एकशेवीस व्होल्टला छत्तीसशे वॉट झाले. एसी लावला, मायक्रोवेव्ह लावला आणि वर चहाची विजेची किटली लावली की खटका पडलाच! पाण्याच्या सांडीच्या टाक्या दोन. न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची करडी, संडासची काळी. काळी टाकी साधारण तीस-चाळीस गॅलनांची, म्हणजे सव्वाशे-दीडशे लिटर. आपण पाणी वापरणारी माणसं, कागदावर भागत नाही, त्यामुळे आमची टाकी इतरांच्या आधी भरणार हाही हिशेब आखणीत धरावा लागला. त्यावर नातीने प्रत्येकी किती लिटर याचं गणितच मांडलं. ताई तोंडाला पदर लावून हसत होती.

आणखी एक गोष्ट भाड्याच्या यादीत ठळक अक्षरांत होती. जमिनीतल्या भोकाला पाइप जोडलेला असला तरी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला आत साचून दगड होतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यायची, मगच दांडा ओढायचा. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घालायचे. हा पाइप आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप एकत्र ठेवायचे नाहीत. बस्स. एवढंच ते "हें काम". दहा-पंधरा मिनिटांचं.

रकाना मात्र भरेना. भाचा म्हणाला, मी गाडी चालवणार, दमलेला असेन. भाचेसून म्हणाली, मला उलटी होईल. मी छताकडे पाहत होतो. तेव्हा ताई बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "रांधपाचें म्हाका कोणें विचारलें?"

स्वयंपाकाचं मला कोणी विचारलं होतं का, एवढाच प्रश्न. खोलीत शांतता झाली. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी बहीण. आयुष्यातल्या एकूण एक सहलीला ती गेली आहे आणि एकूण एक सहलीत तिने रांधलेलं आहे. सांताच्या चवथीपासून फ्लोरिडाच्या रानापर्यंत! आणि तिच्या नावापुढचा रकाना भरताना कोणाला उलटी आली नव्हती की कोणी दमलंही नव्हतं.

मी म्हटलं, टाकी माझी. भाचा लगेच, "मामा, तूं बस, तुका जमचें ना." हे प्रेमाने म्हटलेलं. पण या प्रेमातही तोच 'कोणीतरी' दडलेला आहे हे ओळखा. वडीलधाऱ्याने घाणीला हात लावू नये, हा आपल्याकडचा आदर. ताईने चार माणसांच्या उष्ट्याला हात लावलेला मात्र चालतो. हा कसला आदर?

त्या दुपारी तक्ता नव्याने लिहिला गेला. रात्रीचं जेवण एक दिवस भाच्याने शेगडीवर करायचं, एक दिवस बाहेर. भांडी भाचा आणि मी. केर नातवाने काढायचा. सकाळचा चहा ज्याला आधी जाग येईल त्याने. ताईच्या नावावर एकच जेवण राहिलं, ते तिने स्वतः मागून घेतलं: "एक दीस हुमण करतलें, तुमचें शिजप म्हाका खावपाक जावचें ना." आणि काळ्या टाकीपुढे माझं नाव. तक्ता आरक्षणांपेक्षा या पानामुळे पुरा झाला असं मला वाटतं.

चार रात्रींत टाकी दोनदा सोडली आणि निघताना एकदा. पहिल्या वेळी माझे हात कापत होते, खोटं कशाला बोलू. वास येतो. हातमोज्यातूनही पाइपची थरथर कळते, आतून काय जातंय ते कळतं. मी नाक वळवून उभा होतो. शेजारच्या जागेवर एक म्हातारा अमेरिकन आपला पाइप गुंडाळत होता. त्याने मान हलवून 'गुड मॉर्निंग' म्हटलं, जसा आपण दूधवाल्याकडे जाताना शेजाऱ्याला म्हणतो तसं. त्याच्या दृष्टीने त्यात काही नव्हतंच. मला मात्र साठ वर्षांचा कोणी पाहील की काय असा धाक होता. कोण पाहणार होतं फ्लोरिडात? तरीही होता.

दुसऱ्या वेळी नात येऊन उभी राहिली. आधी करडी की आधी काळी, हे तिला पाठ होतं. मी चुकीच्या दांड्याला हात घातला तेव्हा तिनेच अडवलं. तिला या कामाची ना किळस ना भक्ती. तिच्या तक्त्यातली ती एक ओळ होती, आणि ती आजोबांकडे होती.

ताईच्या हुमणाचीही गंमत सांगतो. गाडीत फोडणी टाकताच धुराची घंटा बोंबलायला लागली! तेव्हापासून फोडणीचा कारभार बाहेर, शेगडीवर. पण त्यामुळे झालं असं की रांधणारा माणूस आत एकटा न राहता सगळ्यांच्या मधोमध आला. कोणी कांदा चिरला, कोणी नारळाचं डबाबंद दूध ढवळलं. ताई मेजापाशी बसून हुकूम सोडत होती. साठ-सत्तर वर्षांत मी तिला रांधताना बसलेली पाहिली ती तेव्हा पहिल्यांदा.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते येणार.

पहिला आक्षेप, हे सगळं खोटं. खोटं रान, खोटा किल्ला, गोल्फच्या गाड्यांतून हिंडणारी माणसं. मान्य! रात्री दहानंतर शांतता पाळा अशी पाटी असलेलं रान हे रान नव्हेच. तिथे राहून मी निसर्गाच्या कुशीत होतो असं म्हणणार नाही. माझा मुद्दा निसर्गाचा नाही. झाडं खोटी असोत की खरी, टाकी खरी होती.

दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे. तुम्ही दांडा ओढला, पुढे त्या मैल्याचं काय झालं? ते शुद्धीकरण केंद्रात 'कोणीतरी'च पाहत असणार. सार्वजनिक न्हाणीघरं 'कोणीतरी'च धूत असणार. अगदी बरोबर. थीम पार्क चालतं ते हजारो नोकरांच्या पाठीवर, आणि सगळी लखलखीत स्वच्छता पाहुण्याला झाडू दिसू नये अशी मांडलेली असते. तीन दांडे ओढून मी काही महात्मा झालो नाही. पण जमिनीतलं भोक, पाइप, हातमोजे, यंत्रं, पगार यांच्या आधाराने होणारं काम आणि दोरी कमरेला बांधून टाकीत उतरणारा माणूस, यांत फरक आहे. आपल्या देशाने हाताने मैला उपसण्याविरुद्ध १९९३ साली कायदा केला, २०१३ साली आणखी कडक केला, आणि तरी टाक्यांत, गटारांत गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. जे काम आपण स्वतः कधी केलंच नाही, त्याला कुठली अवजारं लागतात हे आपल्याला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून आपण ती पुरवत नाही. हाताला काम लागलं की पहिला प्रश्न सुचतो तो हातमोज्यांचा.

तिसरा आक्षेप स्नेह्यांचा. पैसे आहेत तर हॉटेलात राहा. राहा की! मीही पुढच्या वेळी कदाचित राहीन, पाठ दुखते. हॉटेल वाईट नाही. पण हॉटेलात राहिल्यावर खोली आवरणाऱ्या बाईचं नाव विचारायचं नाही, आणि घरी येऊन "आमची सहल किती सुटसुटीत झाली" म्हणायचं, हे वाईट. सुटसुटीत कोणासाठी?

आणि चौथा आक्षेप, जो कोणी तोंडाने काढत नाही पण मनात असतो. हें आपलें काम न्हय. हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. यांना मी आपल्या शेजारच्याच एका माणसाची आठवण देतो. कणकवली पत्रादेवीच्या पलीकडे गाडीने दीड-दोन तासांवर. तिथल्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणत. जन्माने ब्राह्मण, शिकलेले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावं म्हणून त्यांनी उपवास आरंभला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. पुढे १९४८ साली गोपुरी आश्रम काढला. मैल्याचं सोनखत करणारे, कोणाला हाताने उपसावे न लागणारे संडास त्यांनी खेडोपाडी नेले. १९७१ साली ते गेले. तिकडे फ्लोरिडात ते कॅम्पग्राउंड उघडलं त्याच वर्षी. आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणता ते आपल्या संस्कृतीने आपल्या दारात येऊन सांगितलं होतं. आपण त्यांच्या नावापुढे 'थोर' लावलं आणि कामापुढचा रकाना रिकामाच ठेवला.

हे सगळं आताच लिहायचं कारण, चाकांवरची घरं आपल्याकडेही येत आहेत. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. भाड्याच्या कॅम्पर गाड्या कोकणात दिसतात, गोव्याच्या रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. आपण गोंयकार रस्त्याकडेला चूल मांडणाऱ्या, बसच्या सावलीत भांडी घासणाऱ्या पर्यटकांवर केवढे चिडतो! २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर स्वयंपाक आणि कचरा करणाऱ्यांना दंड ठेवला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. पण त्या बसमधल्या पन्नास माणसांनी सकाळी जायचं कुठे, सांडपाणी ओतायचं कुठे, याची जागा आपण दाखवली का? फ्लोरिडातल्या त्या रानात माणसं आपल्यापेक्षा सज्जन नव्हती. गाड्यांच्या जागेला जमिनीत एक भोक होतं, आणि ते वापरणं तुमचं काम आहे असं लिहून दिलेलं होतं. आधी ते भोक आणि मग दंड, हा क्रम हवा. उद्या किनाऱ्यालगत शंभर आरव्ही उभ्या राहतील आणि प्रत्येकीत एक दीडशे लिटरची टाकी असेल. ती कुठे सुटेल? 'कोणीतरी' बघेल म्हणून आपण थांबणार असू, तर ती आपल्याच खाजनात सुटेल.

तेव्हा वाचक मित्रहो, तुम्ही आरव्हीने जा, बसने जा, कुलदेवाला जा की डिस्नेला जा. जाण्याआधी एका रविवारी सगळ्यांना घेऊन बसा, मुलांनाही. तिकिटांचं पान बाजूला ठेवा. कामं लिहा, एकही न गाळता. पाणी भरणं, फोडणी, उष्टी, ओला कचरा, संडास. प्रत्येकासमोर खऱ्या माणसाचं नाव घाला. आणि आईचं किंवा ताईचं नाव लिहिण्यापूर्वी तिला विचारा.

आमचा तक्ता भाचेसुनेने जपून ठेवला आहे. येत्या डिसेंबरात ती मंडळी गोव्यात येणार आहेत, जत्रेसाठी अग्रशाळेत दोन दिवस राहायचं मनात आहे. परवा नातीने तिकडून विचारलं की तिथे टाकी असते का, आणि ती कोण बघतं? मी म्हटलं, विचारून सांगतो.

अजून विचारलेलं नाही. उद्या देवळाच्या कचेरीत जायचं आहे.